हॉब्ज अर्धाच का सांगता?

संपादक महोदय,
सगळी सत्ता एकाच्याच हातात हवी म्हणणारे लोक सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचा दाखला देतात, पण अर्धाच. इंग्लंडमध्ये १६४२ पासून यादवी, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद, आणि हा तिकडे पॅरिसमध्ये बसून राज्यसत्तेवरचं 'लेव्हायथन' हे पुस्तक लिहितोय जे १६५१ मध्ये छापून आलं, त्यामुळे त्याला अराजकाची भीती वाटणं मला पटतं, खरंच पटतं. पण राज्य उभं करणाऱ्या ज्या कराराची तो कल्पना करतो, त्यात लोक सत्ताधीशाचं ऐकण्याचं एकमेकांना वचन देतात, सत्ताधीश मात्र कुणालाच बांधील नाही, मग तोच उलटला तर दाद कुणाकडे मागायची? त्याच्यानंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचा आक्षेप नेमका हाच होता. आणि जिवावर बेतलं तर प्रतिकाराचा हक्क खुद्द हॉब्जनेही माणसाकडेच ठेवलाय, तेवढं तरी सांगत जा ना!
- एक वाचक