ठणका थांबला म्हणजे पू गेला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात मधूनमधून दातदुखीवर घरगुती उपायांची चौकट येते, लवंग, हिंग, तुरटी, पेरूचा पाला वगैरे, त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझं बार्शीत मेडिकलचं दुकान आहे. आमच्याकडं दाढ दुखली की माणूस डॉक्टरच्या आधी मेडिकलमध्ये येतो, तेही शटर ओढायच्या वेळेला, कारण दिवसा कामाच्या नादात कसंतरी निभतं पण रात्री आडवं पडलं की डोक्याकडं रक्ताचा जोर वाढतो आणि दाढ अशी ठणकते की विचारू नका. (उशी दोन घेऊन डोकं उंच ठेवलं तरी जरा फरक पडतो, हे कुठल्याच चौकटीत येत नाही.)

उपाय खोटे आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं नस बधिर होते, दाताचे डॉक्टरसुद्धा तेच झिंक ऑक्साईडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. पण ते लावायचं कसं हे कोणी छापत नाही. थोड्या खोबरेल तेलात एखाद-दुसरा थेंब, कापसाचा छोटा बोळा, आणि तो दाताच्या खड्ड्यातच. लोक बाटली तोंडात उपडी करतात आणि मग हिरडी भाजून पांढरी पडते. लहान पोरांच्या तर हाताला लागेल अशी ती बाटली ठेवूच नये, पोटात गेलं तर लिव्हरवर येतं. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या, ह्या मात्र बिनधास्त कराव्यात, त्यानं अडकलेलं अन्न निघतं आणि हिरडीला आराम पडतो. एवढ्यानं रात्र निघते. फक्त रात्रच.

कारण कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की ती नस हळूहळू मरते, आणि मेली की दुखायचं आपोआप थांबतं. माणूस म्हणतो हिंगानं काम केलं! खरं तर तेव्हाच मुळाच्या टोकाला, हाडात, पू साठायला लागलेला असतो आणि काही आठवड्यांनी म्हणा, महिन्यांनी म्हणा, सकाळी उठून आरशात बघतो तर गाल सुजलेला. मग घरात कोणीतरी तव्यावर फडकं गरम करून शेकायला बसतं. हे कृपा करून करू नका. बाहेरून शेकलं की सूज गालाकडं, कातडीकडं ओढली जाते, कधी गालावरच तोंड पडून तिथनं पू वाहतो. बाहेरून थंड लावायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून.

दुसरं म्हणजे, गिऱ्हाईक म्हणतं, ती कॅप्सूल द्या हो, मागच्या वेळेस दिली होती ती. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हा नियम आहे आणि त्यावर रोज कोणीतरी चिडून जातं. पण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही तर औषध तिथं पोचणार कसं? सूज पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर देतात, तेही पू काढायच्या जोडीला. दाढ उघडून साफ केल्याशिवाय नाहीतर काढल्याशिवाय ते मूळ जात नाही. आणि ॲस्पिरिनची गोळी चुरडून हिरडीवर दाबायची नाही, ते ॲसिड आहे, चामडी सोलून निघते. रॉकेलचा बोळा, बाम, हे पण तसलंच.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मशेरीसाठी. आमच्या भागात कितीतरी बायकांची मशेरी दाढ दुखली म्हणून सुरू झालेली आहे, कोणी सासूनं सांगितलं, कोणी शेजारणीनं, तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि घासायची. निकोटिननं घटकाभर बरं वाटतं, मग सकाळ दुपार संध्याकाळ लागते ती कायमची. तंबाखूमुळं तोंडाचा कॅन्सर होतो हे गुटख्याच्या पुडीवर छापतात, पण घरात भाजलेल्या मशेरीवर कोण छापणार? तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-दंतमंजनावर देशात १९९२ पासून बंदी आहे, मशेरी मात्र चुलीवरच बनते.

वरची दाढ काढली की डोळा जातो, ही भीती तर शिकलेल्यांच्यातही आहे. दाढेची नस वेगळी, दिसण्याची नस वेगळी. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर तो डोळ्याच्या खोबणीकडं सरकू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी की उपाय जरूर छापा, पण त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हे पण छापा: जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज आली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज जड झाला, श्वास लागायला लागला, तर लवंग नाही आणि मेडिकल पण नाही, त्याच घटकेला मोठा दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. खालच्या दाढेतला पू मानेत उतरला की श्वासाचा रस्ता बंद होतो, डॉक्टर त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात, त्यात माणूस दगावतो. शुगरवाल्यांनी तर साधी सूज पण अंगावर काढू नये.

आणि पैशाचं म्हणाल, कारण लोक दुखणं लांबवतात ते बहुतेक पैशापायीच, तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथं रूट कॅनाल खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतं. आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या पानावर तिथल्या सरकारी दवाखान्यात दाताची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते एवढं जरी महिन्यातनं एकदा दिलंत तरी मी ते कात्रण माझ्या दुकानात काउंटरवर चिकटवीन.

आपला,
एक औषधविक्रेता, बार्शी (जि. सोलापूर)