हप्ता निम्मा, व्याज दुप्पट

महोदय,

‘सगळी कर्जे मिटवा, एकच हप्ता भरा’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सतत दिसतात. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे निवृत्तीनंतरही नात्यातली मंडळी असे प्रस्ताव घेऊन येतात. नुकताच भाचा आला होता. ‘मावशी, हप्ता निम्म्याहून खाली येतोय, घेऊन टाकू ना?’ एवढेच त्याला विचारायचे होते.

मी त्याला हिशेबाला बसवले. जुन्या कर्जांची बाकी मिळून 3 लाख, दर 18 टक्के, दोन वर्षे उरलेली. हप्ता साधारण 15 हजार आणि पुढे जाणारे व्याज 59 हजारांच्या आसपास. नवे कर्ज 14 टक्क्यांचे, पण पाच वर्षांचे. हप्ता 7 हजारांच्या आत आला खरा, व्याज मात्र जवळजवळ 1 लाख 19 हजार. दर उतरूनही दुप्पट! तेच कर्ज दोन वर्षांत फेडले तर व्याज 46 हजारांच्या आत, म्हणजे बचत सुमारे 14 हजार. त्यातून प्रक्रिया शुल्क आणि जुनी कर्जे मुदतीआधी बंद करण्याचा आकार वजा करायचा. शिवाय दर घटत्या बाकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, हे विचारलेच पाहिजे. 14 टक्के फ्लॅट म्हणजे दोन वर्षांत 84 हजार व्याज, जुन्या कर्जापेक्षाही महाग.

असे कर्ज घेऊच नये, असे मात्र मी म्हणत नाही. क्रेडिट कार्डावर थकबाकी साचली असेल आणि दरमहा फक्त किमान रक्कम भरली जात असेल, तर कमी दराचे, ठरावीक मुदतीचे कर्ज काढून ती एकदाची फेडणे केव्हाही बरे. अट एकच, कार्ड बंद ठेवायचे. कार्ड शून्यावर आले म्हणून पुन्हा वापरायला काढलेले आणि मग दोन्हीकडचे देणे अंगावर आलेले कर्जदार मी टेबलापलीकडे पाहिले आहेत. पगाराला नियमितपणा नसेल, तरी आधी सध्याच्याच बँकेकडे मुदतवाढ मागून पाहावी.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती घर तारण ठेवून कार्डाची बाकी फेडणाऱ्यांची. कार्डाच्या थकबाकीमागे तारण नसते. ती घरावर चढवली की हप्ते चुकल्यावर घरच पणाला लागते. व्याजदर कमी मिळतो तो याचसाठी, हे ग्राहकाला सही करण्याआधी कोणी नीट समजावून सांगत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की, अशा प्रत्येक जाहिरातीत हप्त्याचा आकडा ज्या अक्षरात छापतात त्याच अक्षरात मुदतीअखेर भरावी लागणारी एकूण रक्कमही छापणे बंधनकारक करावे. आपल्या वृत्तपत्राने स्वतःकडे येणाऱ्या जाहिरातींपासून ही सुरुवात करावी, अशी विनंती.

— एक निवृत्त बँक कर्मचारी