बांगड्यांचा ठराव झाला, मारहाणीचं काय?

संपादक साहेब,

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, सरकारनं लगेच परिपत्रक काढलं, मस्तच, पण बायकोला मारणाऱ्याबद्दल असा ठराव किती गावं करतील? घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे ना, तरी आमच्या चाळीत रात्री आदळआपट सुरू झाली की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात आणि सकाळी तिलाच सांगतात, जरा सांभाळून घे. मुंबईची ‘मावा’ संस्था 1993 पासून पुरुषांशी, कॉलेजच्या पोरांशी बोलतेय, मला हे जास्त पटतं, महिला दिनाला बायकांनाच भाषणं देऊन काय होणार (नाश्ता तेवढा चांगला असतो). गणपती मंडळांनी, तालमींनी पोरांना एवढं तरी शिकवावं, आवाज आला की दार वाजवा, नाहीतर 112 लावा.

– एक वाचक, लालबाग