यंदा बोरं पाठवत नाहीये

चि. बबड्या,

फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, बरं आई" करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलेय. पप्पा झोपलेत, युनिफॉर्मच्या चड्ड्यांचा ढीग मशीनवर तसाच पडलाय. रागवायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

मागच्या आठवड्यात भोगीच्या भाजीसाठी बोरं आणायला मी आणि मावशी नान्नजकडं गेलो होतो. मंडईत मिळतात की, पण ती ॲपल बोरं, नुसती दिसायला मोठी, चव पाण्यासारखी. आपली ती बांधावरची बोरी अजून आहे बघ, शेजारी प्लॉटिंगचे दगड रोवलेत, पुढच्या वर्षी असेल का नाही काय की. आकडीनं फांदी ओढली, पदर पसरला, आणि तेवढ्यात तुझ्या रूममेटचा फोन. काकू घाबरू नका, टायफॉइड आहे, ॲडमिट केलंय. सहा दिवस ताप होता म्हणे. त्या सहाही दिवशी मी विचारलं होतं जेवलास का, आणि तू रोज हो म्हणालास. पदरातली बोरं कधी सांडली मला कळलं नाही, मावशीनं गोळा केली.

तू तिसरीत असताना आपण रविवारी तिथंच जायचो, माळढोक दाखवतो म्हणून पप्पा न्यायचे, तो काय एकदापण दिसला नाही, पण बोरांनी खिसे भरायचे. तुला तेव्हा सांगितलेलं आठवतंय का, बोरीला काटे जोडीनं असतात, एक सरळ, एक वाकडा. आत हात घालताना काही होत नाही, बाहेर काढताना वाकडा धरतो. म्हणून हिसका द्यायचा नाही, हात जरा मागं न्यायचा, मग सोडवायचा. आणि बोर फोडल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, वरनं लालभडक असतं आणि आत अळी निघते. तू मात्र सगळी तशीच खायचास.

तेव्हाच टाचेत काटा मोडला होता तुझ्या. तीन दिवस बोलला नाहीस. चवड्यावर चालायलास म्हणून मी पाय धरून बघितला तर टाच सुजून पू झालेला. मशीनची सुई गॅसवर तापवली आणि काढला, नखाएवढाच तुकडा, काळा पडलेला. एवढं होऊन तू काय म्हणालास, दुखत नव्हतं. नंतर आज्जीपाशी बोललास की आई पुढच्या रविवारी नेणार नाही म्हणून सांगितलं नाही. आता कुणाची भीती आहे रे? ऑफिसची? का आमचीच?

बघ, झालं सुरू माझं. लेक्चर द्यायचं नव्हतं, सॉरी. आजारी माणसाला कोण असं लिहितं का.

खरं तर मला तुझं कौतुकच आहे. ही ज्युकी मशीन तू पहिल्या पगारातनं घेतलीस हे मी कापड द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, गल्लीत आता लोक मला बघून रस्ता बदलतात असं पप्पा म्हणतात. पण मशीन घेऊन देणाऱ्या पोरानं ताप आला एवढं सांगू नये का? सहा दिवस बबड्या. टायफॉइड अंगावर काढला तर आतड्याला भोक पडतं असं डॉक्टर पप्पांना म्हणाले, ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

आणि एक. पप्पा एकटेच हुतात्मा एक्सप्रेसनं आले, मी का आले नाही ते तू विचारलं नाहीस पण मनात आलं असेल. दिवाळीनंतर मला शुगर निघाली, त्या रात्री ती लई वाढली होती. तुला सांगू नका असं मीच पप्पांना म्हटलं होतं. आता हस, आईकडनंच शिकलाय म्हणून. गोळी चालू आहे, भात कमी केलाय, काळजी करू नकोस.

बोरं गच्चीवर वाळत घातलीत. पोट नाजूक आहे तुझं, आत्ता पाठवणार नाही, पिशवीवर नाव घालून ठेवते. मऊ भात, वरण, आणि पाणी उकळूनच. गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस.

रिपोर्टचा फोटो टाक. अख्ख्या कागदाचा, मागच्यासारखा वरचा अर्धा कापून नको. मीपण माझा टाकते.

तुझी,
आई