गणितावर फूटपट्टी ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवत असेनच असं नाही. प्रवेशाच्या त्या आठवड्यात कोणते विषय घ्यायचे हे विचारायला तुमच्या टेबलापुढे दिवसभर मुलं बसत होती, उठत होती. बसल्या बसल्या "मला बायोलॉजी घ्यायचंय आणि गणित सोडायचंय" असं सांगणारी मुलगी म्हणजे मी. यातलं दुसरं वाक्य मी पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटलं होतं.

पदवी लवचीक आहे एवढंच मी माहितीपत्रकात वाचलं होतं. आधी विज्ञान शाखेत शिरा, मेजर म्हणजे मुख्य विषय नंतर ठरवा, वाटलं तर मायनर म्हणजे जोडविषय घ्या, उरलेल्या जागी ऐच्छिक विषय घ्या. मी त्याचा सरळ अर्थ लावला, की आवडत नाही ते टाकून द्यायचं. घरून यादीसुद्धा करून आणली होती. सोपं सगळं पहिल्या वर्षाला, अवघड ते तिसऱ्याला, तेव्हाचं तेव्हा बघू.

ती यादी तुम्ही पूर्ण वाचलीत आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. (रागावला असतात तर बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं.) एक मोठा कोरा कागद घेऊन सहा सत्रांचे सहा रकाने आखलेत, पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि सहाव्या रकान्यावर बोट ठेवलंत. "शेवटी काय करावंसं वाटतंय? इथून लिही." मी म्हटलं, प्राण्यांचं काहीतरी, जंगलात जाऊन करण्यासारखं. मग तुम्ही सांगत गेलात आणि मी उलट्या दिशेने बाण काढत गेले. शेवटच्या वर्षाच्या इकॉलॉजीला दुसऱ्या वर्षाची इकॉलॉजी लागते आणि स्टॅटिस्टिक्सही. स्टॅटिस्टिक्सला पहिल्या वर्षाचं गणित लागतं. बायोकेमिस्ट्री हवी तर आधी ऑरगॅनिक, आणि तिच्याआधी जनरल केमिस्ट्री. बघता बघता सगळे बाण पहिल्या रकान्यातल्या चार-पाच चौकोनांत येऊन गोळा झाले.

मग तुम्ही स्टीलची फूटपट्टी उचलून गणिताच्या चौकोनावर आडवी ठेवलीत. "हे सोडलंस. आता याच्यावर टेकलेलं एकेक खोड." मी खोडत गेले. स्टॅटिस्टिक्स गेलं, त्याच्या मागोमाग इकॉलॉजीचा वरचा पेपर गेला, मॉडेलिंग गेलं, फिजिकल केमिस्ट्री गेली. जंगल गेलं! तुम्ही शांतपणे म्हणालात, "सोडू नकोस असं मी म्हणत नाही. काय काय जातंय ते बघून सोड."

मी सोडलं नाही. आवडायला लागलं म्हणून नव्हे, खोडलेल्या कागदाकडे बघवत नव्हतं म्हणून.

त्या अर्ध्या तासातली आणखी एक गोष्ट मला फार कामाला आली, ती म्हणजे तासांचा हिशोब. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक) पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला दीड हजार ते अठराशे तास, हे तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलंत. आपले आकडे वेगळे असले तरी क्रेडिट म्हणजे तास, हे तेव्हा डोक्यात बसलं. दोन प्रॅक्टिकलचे विषय एका सत्रात घेण्याआधी आठवड्यातल्या किती दुपारी त्यात जातील, ते मी आजही मोजते.

एकदा मात्र तुम्हाला न विचारता शहाणपणा केला. दुसऱ्या वर्षी मैत्रिणींबरोबर बसता यावं म्हणून जेनेटिक्स पुढच्या सत्रावर ढकललं. ते वर्षातून एकदाच शिकवतात, हे नियमपुस्तिकेत स्पष्ट छापलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. रडवेली होऊन आले, तेव्हा तुम्ही पाचव्या सत्रातला ऐच्छिक विषय उचलून अलीकडे आणलात आणि त्याच्या जागी जेनेटिक्स बसवलंत. दहा मिनिटांत काम झालं. बोलणी बसली नाहीत, तेही त्या आभारांत धरा.

आता खरं सांगायचं ते. तिसऱ्या वर्षी आम्हाला लॉगरहेड समुद्री कासवांचं मॉडेल शिकवलं. डेबोरा क्राउझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली ते मांडलं. कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडायचे: अंडी आणि पिल्लं, लहान कासवं, मोठी पण अजून वयात न आलेली, मग प्रौढ. प्रत्येक टप्प्यातली किती जगतात, किती पुढच्या टप्प्यात जातात, किती अंडी घालतात, हे सगळं एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात भरायचं. त्या मॅट्रिक्सची सगळ्यांत मोठी आयगेनव्हॅल्यू, म्हणजे संख्या दर वर्षी किती पट होते ते सांगणारा आकडा, १ पेक्षा जास्त आली तर कासवं वाढणार, कमी आली तर घटणार. तोवर किनाऱ्यावरची अंडी राखण्यावर मोठा भर होता. गणित सांगत होतं, की एकूण एक अंडं वाचवलं तरी तेवढ्याने घट थांबत नाही. समुद्रातली मोठी, वयात न आलेली कासवं कोळंबीच्या जाळ्यात सापडून मरतात, ती वाचवायला हवीत. पुढे जाळ्यातून कासवाला निसटता यावं अशी चौकट बसवण्याचे नियम आले, त्यामागे या कामाचाही आधार होता.

वर्गात ती आयगेनव्हॅल्यू मी हाताने काढली. १ पेक्षा कमी आली. वहीत तो आकडा बघत असताना मला तुमची फूटपट्टी आठवली, आणि हे पत्र त्याच दिवशी मनात सुरू झालं होतं. कागदावर यायला दोन सत्रं लागली.

मेजर इकॉलॉजी, मायनर स्टॅटिस्टिक्स असं करून पदवी आता संपत आलीय. मायनर स्टॅटिस्टिक्स! पहिल्या दिवशीच्या त्या मुलीला हे कोणी सांगितलं असतं तर ती उठून गेली असती.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. खोडून खोडून दोन ठिकाणी भोक पडलंय. सहाव्या रकान्यातला एक चौकोन तुम्ही मला भरू दिला नव्हतात. "हा आत्ता नाही," एवढंच म्हणाला होतात. तो या सत्रात भरला. खगोलशास्त्र घेतलंय. मेजरला उपयोग नाही, मायनरला नाही, आणि वर्गात माझ्याइतकं कच्चं दुसरं कोणी नाही. परवा ताऱ्यांच्या वर्णपटांवर चाचणी आहे, म्हणून इथेच थांबते.

तुमची,
गणित सोडायला आलेली विद्यार्थिनी