हिशेब बरोबर होता, भाऊ दुरावला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या वादात ‘माझेच खरे’ हा हेका केवढ्याला पडतो, हे मला साठी ओलांडल्यावर कळले, म्हणून हे पत्र.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणातील रुग्णालयाचा आणि औषधांचा खर्च कोणी किती केला, यावरून माझे धाकट्या भावाशी वाजले होते. म्हणणे माझे खरे होते आणि पावत्याही माझ्याजवळ होत्या. त्या मी वर्षश्राद्धाच्या दिवशी, पंगत उठल्यावर, सगळ्या नातेवाइकांसमोर एकेक करून मांडल्या. भाऊ काही बोलला नाही. त्याने पायात चपला अडकवल्या आणि पुढची नऊ वर्षे, तो मानेवाड्याला व मी झिंगाबाई टाकळीला, असे एकाच गावात राहूनही तो माझी पायरी चढला नाही.

आपल्याकडे पडते घ्यायला सांगतात ते सुनेला, धाकट्याला, नाहीतर जो कमावत नाही त्याला. मारहाण, फसवणूक किंवा हुंड्याचा जाच असेल तिथे तर असा सल्ला देणेच चूक आहे. माझे म्हणणे आहे ते घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्याविषयी, म्हणजे बहुधा माझ्यासारख्या थोरल्यांविषयी. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ ने, शक्य असेल तेथे आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य खुद्द न्यायालयावर टाकले आहे; ज्यांचे कामच निवाडा करण्याचे, त्यांनाही कायदा जरा थांबायला सांगतो, आणि आम्ही मात्र घरच्या घरी फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश असे तिन्ही होऊन बसतो.

गेल्या मार्चमध्ये जुने कागद चाळताना त्या पावत्यांची फाइल हाती आली. औषधांच्या दुकानातल्या गुळगुळीत कागदांवरची छपाई पार उडून गेली होती. ‘आता सिद्ध कसे करणार?’ हाच विचार आधी मनात आला, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटली. संध्याकाळी भावाला फोन लावला. खर्चाचा विषय निघालाच तर ‘तू म्हणतोस तसेही असेल’ एवढेच म्हणायचे, असे ठरवून ठेवले होते. त्याने तो विषय काढला नाही. थोडा वेळ गप्प राहून विचारले, ‘दादा, कूलर लावला का?’

‘नाही रे, ताट्या बदलायच्या राहिल्या आहेत,’ मी म्हणालो.

रविवारी तो नव्या ताट्या घेऊन आला.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी,
झिंगाबाई टाकळी, नागपूर