चार दिवसांत पाहिलेले तीन चित्रपट

पुणे, ८ ऑक्टोबर २०२५

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझी गाडी सुटली तेव्हा आपले बोलणे अर्धवट राहिले होते, आणि ते 'दशावतार' चित्रपटाच्या उत्तरार्धावरून राहिले आहे असे आपण दोघांनीही तुझ्या आईला भासवले. तिला ते खरे वाटले नसावे. फोनवर आपण एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. यात मी सुट्टीत पाहिलेल्या चित्रपटांविषयीच लिहिणार आहे. दुसऱ्या विषयावर तुला जे सांगायचे ते स्टेशनवर दोनदा सांगून झाले आहे.

तुझा आक्षेप मला नीट समजला आहे. तुझे म्हणणे असे की, दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी पूर्वार्धात दशावतारी नट बाबुली मेस्त्री आणि त्याचा मुलगा माधव यांचे घर इतक्या सावकाशीने उभे केले की आपणच त्या घरात जेवायला बसलो आहोत असे वाटावे, आणि माधव गेल्यानंतर मात्र चित्रपट खाणीच्या प्रकरणाकडे आणि सुडाकडे वळला, त्यामुळे बाप-लेकाची गोष्ट मध्येच टाकून दिल्यासारखी झाली. एक-दोन मारामाऱ्या मलाही लांबलेल्या वाटल्या, एवढे मी मान्य करतो. परंतु त्यापुढे मी तुझ्याबरोबर येऊ शकत नाही, आणि त्याचे कारण सावंतवाडीत आहे.

तुझ्या जन्माआधी मी तिकडे तीन वर्षे बदलीवर होतो, हे तू आईकडून ऐकले असशील. जत्रेच्या दिवसांत आम्ही ऑफिसातली चार-पाच माणसे सायकलीवरून गावोगाव दशावतार पाहायला जात असू. एकदा प्रयोगाआधी देवळामागच्या पडवीत गेलो होतो. साठीचा एक नट पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून स्वतःच स्वतःचे तोंड रंगवत बसला होता. आरशाला मधोमध तडा होता, त्यामुळे तो अर्धा चेहरा रंगवून झाला की मान हलवून उरलेला अर्धा शोधत होता, आणि तोंडाने शेजारच्या मुलाला त्या रात्रीचे आख्यान सांगत होता, कारण दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते नटाने उभे राहूनच बोलायचे असतात. मग पायपेटी, मृदंग आणि झांज सुरू झाली, वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासूर आला, आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत एकही म्हातारी जागची उठली नाही. ज्या माणसाने सारा जन्म देवाचे सोंग घेऊन राक्षस मारले, त्याचा मुलगा मारला गेला तर तो दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार? पोलीस चौकीतली भाषा त्याची नव्हे. म्हणून तो एकेका अवताराच्या रूपाने उभा राहतो, हे मला गोष्ट टाकून देणे वाटले नाही. ती तिच्या स्वतःच्या वाटेने पुढे गेली असे वाटले. आणि दिलीप प्रभावळकरांनी बाबुलीचे ते काम वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी केले आहे, याचा मला फार आदर वाटतो.

पण खरी गोष्ट अशी की, आपण दोघेही उत्तरार्धावर भांडलो ते पूर्वार्धाविषयी बोलायला नको म्हणून. बाबुलीची दृष्टी अधू होत चालली आहे, तो ती झाकतो आहे, आणि मुलगा त्याला आता थांबा म्हणतो आहे, हे पडद्यावर चालले असताना तू माझ्याकडे वळून पाहिलेस असे आईने मला नंतर सांगितले. मला ते दिसले नाही. तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास.

आदल्याच दिवशी, दसऱ्याला, श्रीखंडाचा डबा काढताना तुला फ्रिजच्या दारात थेंबांची बाटली सापडली होती. माझ्या काचबिंदूचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले, तेव्हा तू नव्या नोकरीत होतास आणि ओवी तीन वर्षांची होती, म्हणून मी आईला गप्प राहायला सांगितले. स्कूटर गुडघ्यामुळे सोडली असे तुला सांगितले, तेही खोटे होते. ते चुकले. तुझा राग रास्त आहे आणि तो मी पत्रात परतवू पाहणार नाही.

मात्र मध्यंतरात पायऱ्या उतरताना तुझा शेवटच्या पायरीवरून पाय गेला आणि तू मुग्धाच्या खांद्याला धरलेस, हे मी पाहिले. तू म्हणालास, लक्ष मोबाइलमध्ये होते. असेलही. पण दिवे लागलेले होते, निखिल. या आजारात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, समोरचे अक्षर स्वच्छ दिसते. कडेकडेचे तेवढे हलकेच पुसले जाते, आणि जे गेले ते कोणत्याही औषधाने परत येत नाही, थेंबांनी फक्त उरलेले राखता येते. आई-वडिलांपैकी कोणाला असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता काही पटींनी वाढते. तू तेहेतीस वर्षांचा आहेस. डोळ्यांचा दाब, आतली नस आणि कडेची नजर, या तिन्ही तपासण्या एका सकाळी होतात. तू प्रत्येक वेळी 'रिलीज झाला की करतो' म्हणतोस. तुमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक रिलीज झाला की दुसरा उभा असतो, हे मला गेली आठ वर्षे दिसते आहे, आणि माणसाने स्वतःच्या शरीराला सर्वांत शेवटची तारीख द्यावी ही सवय...

हे मी करणार नव्हतो. चित्रपटांविषयी लिहायला बसलो आणि भाषण देऊ लागलो, त्याबद्दल क्षमा कर. तू तुझ्या कामात किती चोख आहेस हे मला माहीत आहे. तुझ्या वरिष्ठांचे ते पत्र मी आजही कपाटात जपून ठेवले आहे.

आता दसऱ्याच्या संध्याकाळविषयी. त्या दिवशी आजीच्या आग्रहावरून आपण 'संत तुकाराम' लावला. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली प्रभातमध्ये केलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे तुला माहीत आहे, आणि जिथे तो तयार झाला तो प्रभातचा स्टुडिओ म्हणजेच आताची फिल्म इन्स्टिट्यूट, हेही तुला मी लहानपणी बसमधून दाखवले आहे. तू म्हणालास की विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आज पाहताना फार स्थिर वाटतो, आणि चित्रपट खरे तर गौरीबाईंच्या आवलीने जिवंत ठेवला आहे. यावर माझे काही वेगळे म्हणणे नाही. पोर तापाने फणफणले आहे, नवरा अभंगात आहे, आणि ती बाई एका हाताने मुलाला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन, पण यंदा प्रथमच माझ्या लक्षात आले की तिथे ती देवाशी भांडत नाही. तिला कोणाशी तरी भांडायचे आहे आणि मुलाच्या तापाशी भांडता येत नाही, एवढेच.

त्याच प्रसंगी आजी मोठ्याने म्हणाली, "आता आवली देवळात शिरली बघा. हातात वहाण आहे." आणि तू दुपारपासून चिडलेला होतास म्हणून म्हणालास, "आजी, सगळ्यांना दिसतंय." ती गप्प झाली, आणि पुढे पुष्पक विमान येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तेव्हाच बोलायला हवे होते, ते आता लिहितो.

तुझ्या आजोबांना, अण्णांना, शेवटची नऊ वर्षे दिसत नव्हते. घरात सगळे 'वयोमानाने' म्हणत. त्या काळी आम्ही त्यांना एकदा मोतीबिंदू असेल म्हणून दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी नस वाळली आहे असे सांगितले, आणि आम्हांला त्याचा अर्थ विचारण्याचेही सुचले नाही. दूरदर्शनवर 'संत तुकाराम' लागला की अण्णा भिंतीकडे तोंड करून बसत, कारण उजवा कान अधिक चांगला होता, आणि आजी त्यांच्या मागे पाटावर बसून जे दिसेल ते सांगत राही: आता इंद्रायणीत वह्या बुडवल्या, आता सालोमालो आला, आता आवली दळायला बसली. गाणे लागले की ती थांबे, कारण गाणे त्यांना ऐकू येत होते. अण्णा गेल्याला सव्वीस वर्षे झाली. तिला आपण अजून सांगतो आहोत हे बहुधा ठाऊकही नसते. तू तेव्हा सात वर्षांचा होतास, तुला आठवण असण्याचे कारण नाही, आणि मी तुला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर अण्णांच्या डोळ्यांविषयीही सांगावे लागले असते, आणि मग हिशेब सरळ होता: अण्णा, मी, आणि.

आजीला फोन कर. तिने मनाला लावून घेतलेले नाही, पण कर.

शनिवारचा 'साबर बोंडं' आईने निवडला होता, हे मला आजही नवल वाटते. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळालेला हा पहिला मराठी चित्रपट, एवढ्या माहितीवर ती निघाली. दोन तरुणांमधले प्रेम पडद्यावर पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय नाही, आणि पहिला अर्धा तास मी अवघडून बसलो होतो हे मान्य करतो. परंतु वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला तो आनंद, त्याला जेवण, चप्पल, डोक्यावरची टोपी या प्रत्येक बाबतीत नियम सांगणारे नातेवाईक, आणि लग्नाचे काय म्हणून त्याच दुःखात विचारणारी माणसे, हे रोहन कानवडे यांनी इतके खरे टिपले आहे की मला आपल्या घरातले दिवस आठवले. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "त्याच्या आई-वडिलांना सगळं माहीत होतं, म्हणून तो मुलगा उभा राहू शकला." ती माझ्याकडे पाहून म्हणाली. मी काही बोललो नाही. तो चित्रपट तुम्ही दोघे पुन्हा पाहाल तेव्हा मला तुझे मत कळव. तू त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसलास, म्हणून ते बोलणे राहिलेच.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. कडेची नजर मोजण्यासाठी एका अंधाऱ्या खोलीत बसवतात. समोर पांढऱ्या वाडग्यासारखे यंत्र असते, त्याच्या काठावर हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातले बटण दाबायचे. पहिल्यांदा मला वाटले, यंत्र मध्येच बंद पडले आहे. बराच वेळ काहीच चमकले नाही. मग कागद हाती आला, त्यावर डाव्या बाजूला काळा पट्टा होता, म्हणजे तिथे उजेड चमकत होते आणि मी ते पाहत नव्हतो. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा मला 'श्वास' आठवला.

२००४ साली आप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात थिएटरमध्ये आपण तिघांनी तो पाहिला. तू बारा वर्षांचा होतास. जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले म्हणून सगळे पुणे पाहायला लोटले होते. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या रुग्णालयात आणतात, त्याच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला गुपचूप बाहेर नेऊन शहर दाखवतात. तू तोपर्यंत माझ्या मांडीवरचा बटाटेवडा खात होतास. त्या प्रसंगाला तू वडा ठेवून दिलास आणि थिएटरचे छत, भिंतीवरचे दिवे, मागच्या रांगेतली माणसे, असे एकेक पाहू लागलास. मी विचारले, काय शोधतोस? तू म्हणालास, "बघून ठेवतोय." मी हे आईलाही सांगितलेले नाही. बाकावर बसून मी पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर वाचत होतो, एकेक, सगळे.

तू त्या दिवशी केलेस तेवढेच आता कर. एका सकाळी जा आणि बघून ठेव. काही निघाले नाही, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. निघाले, तर वेळेत निघाले असे होईल, जे अण्णांचे झाले नाही आणि माझे अर्धेच झाले. मुग्धाला मी निराळे काही कळवलेले नाही. तिला सांगणे तुझ्याकडे आहे, आणि माझ्यासारखे दोन वर्षे थांबू नकोस.

दिवाळीला तुम्ही येणार असाल तर पाडव्याच्या दुपारची तिकिटे काढतो. आजी म्हणते आहे की तिलाही थिएटरात यायचे आहे. तिला माझ्या शेजारी बसवू, आणि ती जे सांगेल ते सांगू दे, मला त्याचा उपयोग होईल. तुझ्याकडून तिकिटे निघणार असतील तर एक लक्षात ठेव: मला उजव्या कडेची खुर्ची नको, मधल्या रांगेतली मधलीही नको. मी प्रत्येक वेळी डाव्या कडेचीच का मागतो, हे तू गेली दोन वर्षे विचारतो आहेस. पडदा सारा उजवीकडे राहतो, आणि तुम्ही सगळेही.

तुझा,
बाबा